नवा एअर फिल्टर टाकूनही नळीत धूळ येत असेल तर

फिल्टरच्या डब्यापासून इंजिनाकडे जाणारी जाड रबरी नळी सोडवली, आत बोट फिरवलं आणि बोटाला पिठासारखी बारीक तपकिरी धूळ लागली. अंगठ्याने घासून पाहिली तर करकरली. ही नळी फिल्टरच्या पलीकडची, म्हणजे गाळून झालेल्या हवेची. इथे बोट कोरडं आणि स्वच्छ निघायला हवं. फिल्टर तर दीड महिन्यापूर्वीच नवा टाकला होता आणि त्या वर्षातला तो दुसरा होता.

तक्रार अशी होती. चेक इंजिनचा दिवा लागायचा आणि स्कॅनरवर पी ०१७१ हा बिघाडाचा कोड यायचा, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. गाडी उभी असताना आरपीएमचा काटा वरखाली व्हायचा, चढावर गाडी ओढायची नाही. हवा मोजणारा सेन्सर साफ केला की सगळं सुरळीत. पाच-सहा आठवडे गेले की पुन्हा तेच. दरवेळी उपाय एकच सांगितला जायचा : फिल्टर बदला, सेन्सर साफ करा. दोन्ही गोष्टी चुकीच्या नव्हत्या, पण दुखणं तिथे नव्हतं.

ज्यांची गाडी याच चक्रात अडकली आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. फिल्टर घेताना आपण कागद किती चांगला, हवा किती मोकळी येईल, किती किलोमीटर चालेल हे विचारतो. या सगळ्याच्या आधी विचारायचा प्रश्न कडेचा आहे. फिल्टरची रबरी कड डब्यात चारही बाजूंनी घट्ट दाबली जाते का? ती दाबली जात नसेल, तर आतला कागद कितीही उत्तम असला तरी धूळ त्याला वळसा घालून जाते. हवेला सोपी वाट मिळाली की ती कागदातून कशाला जाईल?

सेन्सर साफ केल्यावर बरं का वाटतं

सेन्सरमध्ये एक तापवलेली बारीक तार किंवा पातळ पट्टी असते. शेजारून जाणारी हवा तिला थंड करत राहते आणि तिचं तापमान टिकवायला किती वीज लागते यावरून कॉम्प्युटर आत गेलेल्या हवेचं वजन काढतो. तारेवर धुळीचा थर बसला की तो पांघरुणासारखा काम करतो. हवा तेवढीच जाते, पण तार तितकी थंड होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं हवा कमी आहे, म्हणून तो पेट्रोलही कमी सोडतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की ऑक्सिजन शिल्लक राहतो आहे, मग कॉम्प्युटर थोडं थोडं पेट्रोल वाढवत जातो. ही भरपाई करण्याचीही एक हद्द असते. ती गाठली की दिवा लागतो.

आता फट कुठे आहे यावर लक्षण कसं बदलतं ते नीट लक्षात घ्या, कारण निदान इथेच चुकतं. फट सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि कोड लगेच येतो. फट सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे फिल्टरच्या कडेला किंवा फिल्टर आणि सेन्सर यांच्यामधल्या नळीला असेल, तर आत येणारी हवा मोजली जातेच. मिश्रण बिघडत नाही, दिवा लागत नाही, गाडी छान चालते. फक्त गाळलेली नसलेली हवा इंजिन पीत राहतं. कित्येक आठवड्यांनी तारेवर पुरेसा थर जमतो तेव्हा कुठे पहिली तक्रार येते. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. सेन्सर साफ केल्यावर मिळणारे ते पाच-सहा आठवडे म्हणजे नवा थर जमायला लागणारा वेळ होता.

आत जाणाऱ्या हवेचा अंदाज यावा म्हणून थोडं गणित. पेट्रोल नीट जळायला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे लिटरमागे सुमारे ११ किलो हवा. घनफळात ती साधारण ९,००० लिटर होते. ४० लिटरची टाकी संपेपर्यंत इंजिनाने साडेतीन लाख लिटरहून जास्त हवा ओढलेली असते. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण भरपूर असतात आणि खनिजांची कठीणता सांगणाऱ्या मोहस् मापनावर क्वार्ट्झची कठीणता ७, साध्या पोलादापेक्षा जास्त. त्यातही ५ ते २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सर्वांत वाईट, कारण पिस्टनच्या रिंगा, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि बेअरिंग यांच्यातली ऑइलची फिल्म साधारण याच जाडीच्या घरात असते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे इंजिन झिजवणारा कण डोळ्याला सुटा दिसतही नाही. नळीत थर दिसतो तेव्हा बरंच काही आत जाऊन गेलेलं असतं. म्हणून ही तक्रार "चालतंय तोवर चालू द्या" म्हणून सोडू नका, अशी मनापासून विनंती आहे.

नवीन काहीही विकत घेण्याआधी करायची तपासणी

आधी डबा बाहेरून ओल्या फडक्याने पुसा. झाकणावरची माती उघडताना आत पडली तर पुढची सगळी तपासणी फसते. मग झाकण उघडा, पण फिल्टर लगेच उचलून झटकू नका. तो जसा बसला आहे तसाच आधी बघा.

जुन्या फिल्टरची रबरी कड ही या प्रकरणातली साक्षीदार आहे. डब्याची धार जिथे घट्ट दाबली गेली असेल तिथे रबरावर स्वच्छ, सलग, खोल रेघ उमटलेली असते. माझ्या फिल्टरवर ती रेघ तीन बाजूंना ठसठशीत होती. चौथ्या बाजूला, बॅटरीकडच्या कोपऱ्याजवळ, ती फिकट होत होत दोन बोटं लांबीत पुसलीच गेली होती. त्याच जागी रबरावरून धुळीचे पंख्यासारखे पसरलेले ओरखडे मळक्या बाजूकडून स्वच्छ बाजूकडे गेले होते. झाकणाच्या आतल्या बाजूलाही त्याच कोपऱ्यात तपकिरी डाग. फिल्टरचा कागद मात्र मागून पांढराशुभ्र. कागदाने त्याचं काम चोख केलं होतं, धूळ त्याच्या बाजूने निघून गेली होती.

कारण सापडायला पाच मिनिटं लागली. झाकणाच्या मागच्या कडेला तीन जिभा असतात. त्या आधी खालच्या डब्याच्या खाचांत घालायच्या, मग झाकण खाली आणायचं आणि शेवटी पुढच्या क्लिपा लावायच्या. मागे हात नीट पोचत नाही, म्हणून घाईत एक जीभ खाचेत न जाता वर टेकून राहते. पुढच्या क्लिपा तरीही खटकन लागतात आणि वरून बघणाऱ्याला झाकण बसल्यासारखंच दिसतं. बोटाने मागची कड चाचपल्याशिवाय हे कळत नाही. काही डब्यांना क्लिपांऐवजी स्क्रू असतात. तिथे एखादा हरवलेला असतो, नाहीतर प्लास्टिकचा आटा फिरून गेलेला असतो आणि स्क्रू नुसता गोल फिरतो. डब्याला तडा गेला असेल तर त्यावर सीलंट थापू नका, डबाच बदला. तडा इंजिनच्या थरथरण्याने पुढे सरकत राहतो.

जीभ खाचेत बसवली, नळी आणि झाकणाची आतली बाजू पुसून काढली आणि मग ग्रीसची परीक्षा लावली. ही परीक्षा साधी आणि खात्रीची आहे. झाकणाच्या आत, फिल्टरच्या स्वच्छ बाजूला, कडेलगत बोटाने ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा, इतका पातळ की खालचं प्लास्टिक दिसत राहावं. सेन्सरच्या जवळपास ग्रीस लावायचं नाही. मग काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवायची आणि उघडून बघायचं. फट असेल तर नेमक्या त्या जागी ग्रीसवर धुळीची रेघ चिकटलेली दिसते. बाकीचा पट्टा स्वच्छ राहतो.

दोन आठवड्यांनी उघडलं. पूर्वीचा कोपरा बराच सुधारला होता, पण रेघ होती. म्हणजे झाकण दोषी होतंच, पण एकटं नव्हतं.

मग मी सुटे भाग ठेवायच्या खोक्यातून गाडीबरोबर आलेला पहिला फिल्टर शोधून काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. लांबी-रुंदी तंतोतंत सारखी. व्हर्निअरने कडेची जाडी मोजली तर नवा जवळजवळ २ मिलिमीटरने बारीक. शिवाय जुना इतकी वर्षं पडून असूनही त्याची कड नखाने दाबली की दबायची आणि हळूहळू वर यायची. नव्याची कड प्लास्टिकसारखी ताठ. २ मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण झाकणाची धार त्या रबरात काही मिलिमीटरच रुतणार असते आणि ते रुतणं म्हणजेच सील. त्यातले २ गेले की उरतं ते नुसतं टेकणं.

फिल्टर हातात घेऊन निवडताना

म्हणून आता फिल्टर घेताना जुना फिल्टर सोबत न्यावा, या मताचा मी झालो आहे. नंबर जुळला म्हणजे झालं असं समजू नका. एकाच मॉडेलच्या गाडीत वर्षानुसार किंवा इंजिनानुसार डबा बदललेला असतो आणि दोन फिल्टर दिसायला सख्खे भाऊ असतात. दोन्ही एकमेकांवर ठेवा, कडेची जाडी चारही बाजूंना बघा, कड दाबून बघा. कडेच्या रबराचा जोड जिथे येतो तिथे खाच किंवा फुगवटा नको. कोपऱ्यात रबर अर्धवट भरलेलं नको.

मग घड्या. त्या सरळ, सारख्या अंतरावर, एकमेकींना न चिकटलेल्या हव्यात. घड्या मोजून जुन्याशी ताडून बघा. घड्या कमी आणि खोलीही कमी म्हणजे उलगडलेला कागद कमी, आणि कागद कमी म्हणजे तो लवकर चोंदणार. टॉर्च एका बाजूला धरून दुसरीकडून बघा. चांगल्या कागदातून मंद, सारखा उजेड येतो. टाचणीएवढा जरी लख्ख ठिपका दिसला, विशेषतः कागद रबराला चिकटतो त्या रेघेवर, तर तो फिल्टर परत करा.

फिल्टर किती टक्के धूळ अडवतो ते खोक्यावर छापलेलं असतं, तिथे जरा थांबा. ९८ आणि ९९.५ हे आकडे शेजारीशेजारी वाटतात, पण इंजिनाच्या बाजूने मोजायचं ते सुटून आत जाणाऱ्या धुळीचं. एकात शंभरातले २ भाग आत जातात, दुसऱ्यात अर्धा. चौपट फरक. एअर फिल्टरच्या चाचणीची पद्धत आयएसओ ५०११ मध्ये ठरवून दिलेली आहे आणि चाचणीची धूळही प्रमाणित असते : बारीक धुळीला ए२ म्हणतात, जाड धुळीला ए४. जाड धूळ अडवणं सोपं. तेव्हा नुसता टक्का वाचून उपयोग नाही, तो कोणत्या धुळीवर काढला हे लिहिलेलं असेल तरच दोन फिल्टरांची तुलना करता येते.

"जास्त हवा, जास्त पॉवर, जास्त ॲव्हरेज" या आश्वासनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे : रोजच्या गाडीसाठी या कारणाने फिल्टर निवडू नका. पेट्रोल इंजिनात हवा अडवण्याचं काम थ्रॉटलची झडप करतेच. पाय अर्धा दाबला असताना फिल्टर थोडा मोकळा असला काय किंवा घट्ट असला काय, झडप तेवढीच कमी-जास्त उघडते. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासून पाहिलं होतं. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांत मुद्दाम चोंदवलेल्या फिल्टरनेही इंधनाच्या खपात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो पूर्ण ॲक्सिलरेटरवर वेग घेण्यात. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मात्र खपावरही थोडा परिणाम दिसला. म्हणजे चोंदलेला फिल्टर गाडीचा दम तोडतो हे खरं, पण चांगल्या स्थितीतल्या कागदी फिल्टरपेक्षा मोकळा फिल्टर लावून ॲव्हरेज वाढेल ही आशा धरू नये.

तेल लावून वापरायचे सुती कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात, ही त्यांची खरी सोय. पण ते नीट निगुतीने सांभाळायला लागतात. तेल कमी पडलं तर धूळ सुटते, जास्त झालं तर तेलाचा अंश हवेबरोबर जाऊन सेन्सरच्या तारेवर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. असा फिल्टर धुतल्यानंतर काही दिवसांत दिवा लागत असेल तर आधी तेलाचं प्रमाण तपासा. धुतल्यावर पूर्ण सुकू द्या, सांगितलं आहे तेवढंच तेल लावा, ते सगळीकडे पसरायला वेळ द्या आणि मग बसवा. फोमचे फिल्टर मातीत चालणाऱ्या मोटारसायकलींना शोभतात. तेही तेलाशिवाय निकामी, आणि ते पेट्रोलमध्ये धुऊ नयेत : फोमचे चिकटवलेले जोड सुटू शकतात, शिवाय आगीचा धोका आहेच.

फिल्टरला हवा मारण्याबद्दल

दर सर्व्हिसला कॉम्प्रेसरने कागदी फिल्टरला हवा मारून घेण्याची सवय सोडलेली बरी. जोराच्या झोताने कागदाचे तंतू सरकतात, बारीक चिरा पडतात आणि त्या साध्या नजरेला दिसत नाहीत. पुन्हा पुन्हा काढण्या-घालण्यात कडेचं रबर दबून जातं आणि दरवेळी जीभ चुकीची बसण्याची नवी संधी मिळते. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना खरी वाटत नाही : थोडा मळलेला फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा जास्त चांगला गाळतो. कागदावर साचलेला धुळीचा पापुद्रा स्वतःच चाळणीचं काम करतो. म्हणून फिल्टर करडा दिसला की लगेच बदला असं नाही. पुस्तिकेत दिलेलं अंतर पाळा. कच्च्या रस्त्यावर किंवा बांधकामाच्या धुळीत चालणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेत वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं, ते धरा. ट्रक, ट्रॅक्टर आणि मोठ्या यंत्रांवर डब्याला ओढ दाखवणारा निर्देशक असतो, म्हणजे चोंदलेल्या फिल्टरमधून हवा ओढायला किती जोर लागतो ते सांगणारा. मोठ्या डिझेल इंजिनांत तो बऱ्याचदा ६.२ किलोपास्कलच्या आसपास लाल होतो. त्याच्यावर भरवसा ठेवा, डोळ्यांवर नको. अशा यंत्रांत आत दुसरा, छोटा सुरक्षा फिल्टर असतो. तो कधीही साफ करायचा नाही, बदलायचाच.

फिल्टर खूपच लवकर चोंदत असेल तर प्रश्न वेगळा आहे. डब्यात हवा घेणारी पुढची नळी जागेवर आहे का बघा. ती निखळली असेल तर डबा चाकाकडून उडणारी माती आणि पाणी ओढतो. डब्याच्या तळाचं पाणी निघायचं भोक पानांनी बुजलं की कागद ओला होतो, घड्या फुगून एकमेकींना चिकटतात आणि गाडी पावसातच दम टाकते, ऊन पडलं की पुन्हा ठीक. कागद तेलकट असेल तर दोष फिल्टरचा नाही. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागातून) येणारी वाफ आणि तिची झडप तपासायला द्या. डिझेल टर्बो गाडीत चोंदलेल्या फिल्टरने काळा धूर वाढतो आणि फिल्टरमागे धूळ सुटली तर टर्बोच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा आधी झिजतात. तिथे उशीर महागात पडतो.

माझ्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो. तिसरा फिल्टर जुन्याशी ताडून, कड मोजून आणला. बसवताना मागच्या तिन्ही जिभा बोटाने चाचपल्या. सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने साफ केला. कार्ब्युरेटर किंवा ब्रेक क्लीनर वापरला नाही, तारेला कापूसही लावला नाही, आणि पूर्ण सुकल्यावरच जोडला. ग्रीसचा हात पुन्हा दिला. ३,००० किलोमीटरनंतर उघडलं तेव्हा ग्रीस जसं लावलं तसंच चकाकत होतं, नळीतून फिरवलेलं पांढरं फडकं पांढरंच निघालं. कोड पुन्हा आला नाही. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी जुन्या ऑइलचा नमुना तपासायला दिला. त्यात सिलिकॉनबरोबर लोह आणि ॲल्युमिनियमही चढलेलं दिसलं तर धूळ आत गेल्याची ती खूण असते. इंजिन नुकतंच उघडून सीलंट लावलं असेल तर मात्र एकटं सिलिकॉन त्यामुळेही वाढतं.

एवढं करूनही तुमच्या ग्रीसवर धूळ येत राहिली, किंवा ग्रीस स्वच्छ पण नळीत धूळ असं दिसलं, तर फिल्टर सोडा आणि नळीकडे वळा. तिचा घड्याघड्यांचा भाग हाताने ताणून उजेडात धरा. तडे बहुधा घडीच्या तळाशी असतात, नळी सैल असताना मिटलेले राहतात आणि इंजिन हललं की उघडतात. क्लॅम्प हाताने फिरतो का बघा. फिरत असेल तर तो आवळण्याआधी त्याच्याखालचं रबर कडक पडून चिरलं आहे का ते तपासा. चिरलेल्या रबरावर क्लॅम्प कितीही आवळला तरी फट बुजत नाही, नळीच बदलावी लागते.